तुळाजीची वैद्यकी

एका गावात एक भोळा तुळाजी होता. किती भोळा? तर स्वतःच्या चुकीवर गावाआधी तोच हसायचा.

त्याचे चुलते नाना वैद्य. नानांची नजर अधू झाली आणि गावात दुसरा वैद्य नव्हता. म्हणून नानांनी आपला जुना जाडजूड ग्रंथ तुळाजीच्या हाती दिला. कुठला रोग कुठून आला, घरादाराची तब्येत कशी राखावी, सगळं त्यात होतं. नाना म्हणाले, "आधी नाडी धर. मगच तोंड उघड."

पहिलं बोलावणं कोंडिबाचं. त्याची म्हैस खात नव्हती. तुळाजीने म्हशीच्या मागच्या पायाची नाडी धरली. म्हशीने त्याला थेट उकिरड्यावर पोचवलं. तिथे पडल्यावर त्याने तोंड उघडलं. सांगितलं होतं तसंच.

"अरे खुळ्या," नाना म्हणाले, "मुकं जनावर काय सांगणार? त्याच्या धन्याला विचारावं, काय खाल्लं, किती खाल्लं."

"माझ्या डोक्यात भुसाच आहे, नाना! आता नाही चुकणार."

मग पाटलांचं पोट दुखू लागलं. पाटील विव्हळत होते. तुळाजीने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाटलीणबाईंना म्हणाला, "याचे धनी तुम्हीच ना? वैरण किती घातली होती?"

पाटील दुखणं विसरून काठी घेऊन उठले. म्हणजे गुण आला म्हणायचा.

नानांनी कपाळावर हात मारला. "माणसाला माणसासारखं विचार! बाप कशाने गेला, आजा कशाने गेला. रोग घराण्यातून येतो."

"भुसा, नाना, निव्वळ भुसा! आता नाही चुकणार."

पुढे तुळाजीच्या बहिणीला, चंद्रभागेला, पाहायला पाहुणे आले. तुळाजीने मुलाला पाणी दिलं आणि विचारलं, "वडील कशाने गेले?"

"गेले? हे काय शेजारी बसलेत!"

तुळाजीने वडिलांना नीट निरखलं. "बरं. मग कशाने जातील असं वाटतं?"

पाहुणे पोहे टाकून उठले. चंद्रभागा आत जाऊन रडू लागली. तुळाजीला हसू आलं नाही. तो बैलगाडीमागे धावला आणि त्याने मुलाच्या वडिलांचे पाय धरले.

"मामा, मुलीत काही खोट नाही. या घराण्यात मूर्ख एकच, तो मी. आणि मी काही तिच्याबरोबर नांदायला येणार नाही!"

म्हातारा खो खो हसला. गाडी माघारी वळली आणि लग्न ठरलं.

नानांचा जीव भांड्यात पडला. प्रेमाने म्हणाले, "तुळाजी, ग्रंथ नुसता वाचून भागत नाही रे. आधी तो पचव. मगच रोग्याला हात लाव."

तुळाजीला पटलं. पण एवढा जाड ग्रंथ कोरडा कसा पचणार? काढ्याची कृती ग्रंथातच होती. त्याने पानं फाडून पातेल्यात घातली, पुठ्ठा कुटून घातला, पाणी चांगलं आटवलं आणि तो नाक दाबून सगळं प्यायला.

संध्याकाळी नाना आले तर हा पोट धरून बसलेला.

"काय होतंय रे?"

"मुरडा येतोय, नाना."

"मग ग्रंथात बघ की! मुरड्यावर जालीम औषध आहे त्यात."

"ठाऊक आहे," तुळाजी कण्हत म्हणाला, "ते केव्हाच पोटात गेलंय. गुण यायचीच वाट बघतोय."