मुंगीचा बेदाणा आणि पाहुण्याचा शोध

इवल्या तोंडी दाणा घालणाऱ्या विश्वंभरा, तुला दंडवत. ही मुंगीची गोष्ट गोड मानून घे.

अफगाणिस्तानात, हेरातजवळ, मातीचे एक घर होते. घरात झरघुनाताई आणि मीरवैस आजोबा.

एक मुंगी निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. डोक्यावर बेदाणा. वारुळात पिल्ले उपाशी.

"या घरातून जाऊ. वाट जवळची. मी किती हुशार!"

धप्प! मुंगी अडखळली. गडगड, गडगड! बेदाणा गालिच्याखाली गेला.

"हुशार कसली! अक्कल माझी मुंगीएवढी!"

"गालिच्या, गालिच्या, ऊठ ना! माझा बेदाणा मिळेना, अक्कल माझी मुंगीएवढी!"

"आजोबा बसलेत माझ्यावर. ते उठले की मी उठेन."

तुरू तुरू, तुरू तुरू.

"आजोबा, आजोबा, उठा ना! गालिचा उठेना, माझा बेदाणा मिळेना, अक्कल माझी मुंगीएवढी!"

"बाई गं, गुडघे रुसलेत माझे. चहा मिळाला की मी उठेन."

कोपऱ्यात पितळी समोवर. चहाचे पाणी त्यातच उकळते. तुरू तुरू, तुरू तुरू.

"समोवरा, समोवरा, उकळ ना! आजोबा उठेनात, गालिचा उठेना, माझा बेदाणा मिळेना, अक्कल माझी मुंगीएवढी!"

"झरघुनाताईंनी पेटवले की मी उकळेन."

तुरू तुरू, तुरू तुरू.

"ताई, ताई, पेटवा ना! समोवर उकळेना, आजोबा उठेनात, गालिचा उठेना, माझा बेदाणा मिळेना, अक्कल माझी मुंगीएवढी!"

"पाहुण्याआधी चहा? छे गं, या घरची ती रीत नाही. पाहुणा आला की मी पेटवेन."

तुरू तुरू, तुरू तुरू.

"दारा, दारा, पाहुणा आण ना! ताई पेटवेनात, समोवर उकळेना, आजोबा उठेनात, गालिचा उठेना, माझा बेदाणा मिळेना, अक्कल माझी मुंगीएवढी!"

दार हसले. कर्र कर्र!

"मघाशीच आली की पाहुणी! डोक्यावर बेदाणा. तुरू तुरू."

मुंगीने पुढे पाहिले. मागे पाहिले. कोणीच नाही.

"अगंबाई! ती तर मीच!"

मुंगी धावली. "ताई, ताई, मीच पाहुणी आले!"

"या, या, पाहुणीबाई! आधी का नाही सांगितलेत?"

"मलाच ठाऊक नव्हते!"

मग ताईंनी पेटवले. समोवर उकळला, खळखळ खळखळ! पहिला थेंब पाहुणीला. मग आजोबा प्याले, भुर्र भुर्र! आजोबा उठले, हुश्श! गालिचा उठला. आणि बेदाणा? हा पाहा!

तुरू तुरू, तुरू तुरू. मुंगी वारुळात पोहोचली. पिल्लांनी बेदाणा खाल्ला, मिटक्या मारमारून.

"आई, उशीर का गं?"

"एका पाहुणीला शोधत होते."

"सापडली?"

"सापडली. तुमचीच आई!"

ऐकणाऱ्या प्रत्येक बाळाच्या मुखी गोड दाणा पडो. प्रत्येक घरी पाहुण्यापुरते आधण सदा असो. देव तुमच्या उंबरठ्याची माया अखंड राखो.