मियोचा शेवटचा रोल

"कॅमेरा सापडलाय," असा मच्छीमार संघातून फोन आला, तेव्हा रेइजी शर्टाला इस्त्री करत होता. त्यानं दुसरी बाहीही पुरी केली. मग गावाकडची गाडी पकडली.

कॅमेरा त्याच्या बहिणीचा, मियोचा. गेल्या थंडीत ती होडीसकट बेपत्ता झाली; देह न सापडताच अंत्यविधी उरकला. आता तो कुणाच्या तरी जाळ्यात वर आला होता.

संध्याकाळी रेइजी म्हाताऱ्या ओगिनोंच्या दारात उभा होता. फोटो धुणं, छापणं तो त्यांच्याकडेच शिकला होता. हातात काचेची बरणी, बरणीत समुद्राचं पाणी, पाण्यात कॅमेऱ्यातला रोल.

"वाळू दिला नाहीस ना?"

"नाही, सेन्सेई. वाळला की गेला. तुम्हीच शिकवलंत."

"एवढं तरी आठवतंय. बक्षिसं फार झाली म्हणे."

रेइजी हसला. पहिलं पुस्तक वडिलांच्या आजारपणाचं, दुसरं ओस पडलेल्या गावाचं. दोन्ही गाजली. तिसरं मियोचं...

"छापखाना थांबलाय. एकच पान रिकामं आहे. तिनं शेवटचं काय पाहिलं, ते तिथं हवं."

"कुणाला?"

रेइजीनं बरणी टेबलावर ठेवली.

"अंत्यविधीचेही फोटो आहेत पुस्तकात?"

"सगळ्यात चांगले तेच आलेत."

म्हाताऱ्यानं दिवा मालवला.

अंधारात पाणी हलत राहिलं. रेइजीला वाटलं, खोलीत आणखी कुणीतरी श्वास घेतंय...

रोल जवळजवळ सगळा गेला होता. एकच फोटो वाचला होता. ओगिनोंनी तो छापायला घेतला. लाल उजेडात, औषधात बुडालेल्या कागदावर हळूहळू गावचा धक्का उमटला.

होडीतून काढलेला फोटो. होडी दिसेनाशी होईपर्यंत घरच्या माणसानं धक्क्यावर उभं राहून हात हलवायचे, ही तिथली रीत. धक्क्यावर एकच माणूस होता. दोन्ही हात वर.

रेइजी खाली वाकला.

"हा... मी आहे."

"हो."

"मी टोकियोत होतो, सेन्सेई! माझं प्रदर्शन होतं. मी तिथं नव्हतोच!"

"अंत्यविधीला होतास."

"होतो."

"तेव्हा हातांत काय होतं?"

रेइजी फोटोतल्या त्या रिकाम्या हातांकडे पाहत राहिला. कागदावरचा माणूस आणखी गडद होत गेला.

रेइजीनं विचारलं, "शेवटच्या पानावर घेऊ हा?"

ओगिनोंनी ओला कागद त्याच्या हातात दिला.

"घे. पण हा तू नाहीस. तू तिला अजून निरोप दिलेला नाहीस."