मागची सीट

"...ते सगळं ठीक आहे, उस्ताद. पण बॅटरी आणखी किती वर्षं चालेल, तेवढं सांगा."

दिवटे सरांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला.

उस्ताद बशीतला चहा फुंकत राहिले.

उंब्रजच्या एसटी स्टँडसमोर पत्र्याच्या शेडमध्ये इब्राहिम मुल्लांनी चाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं. आता हात थरथरतात म्हणून ते पान्याला हात लावत नाहीत. तरी जुनी गाडी घेणारा माणूस दलालाला पैसे देण्याआधी एकदा इथे येऊन जातो. उस्ताद त्याला बसवतात, चहा पाजतात आणि बराच वेळ काही बोलत नाहीत. घाईची माणसं वैतागून निघून जातात. उस्ताद त्यांना थांबवत नाहीत.

दिवटे सर गेले नाहीत. जायला त्यांच्यात त्राण नव्हतं.

तारळ्याच्या कॉलेजात तीस वर्षं फिजिक्स शिकवून सर निवृत्त झालेले. विजेतलं आपल्याला कोणी शिकवू नये, असा त्यांचा बाणा. आणि खरं सांगायचं तर त्यात फारसं खोटं नव्हतं. गेल्या आठ महिन्यांत त्यांनी सेकंडहँड हायब्रिड गाड्यांचा असा काही कीस काढला होता की कऱ्हाडचे दलाल त्यांना लांबून येताना पाहून फोन कानाला लावत. एकवीस गाड्या पाहिल्या. एकविसांतही खोट निघाली. प्रत्येक खोट वहीत तारखेसह लिहिलेली होती.

हायब्रिडच का, याचंही उत्तर तयार होतं. निर्मलाबाईंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी कऱ्हाडला न्यायचं. नवी गाडी पेन्शनीच्या आवाक्याबाहेर. जुनी साधी गाडी पेट्रोल पिऊन घर धुऊन नेणार. जुनी हायब्रिड मात्र अर्धा रस्ता विजेवरच काढते. भीती एकच. तिची मोठी बॅटरी गेली, तर गाडीच्या निम्म्या किमतीची फोडणी.

म्हणून तो प्रश्न.

आजची गाडी बाविसावी. रुपेरी रंगाची, बारा वर्षांची, पहिला मालक कोरेगावचा बागायतदार. दलालाने बजावलं होतं, "सर, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. सहा वाजेपर्यंत फोनवर हो म्हणा, नाहीतर गाडी परत माझ्या दारात आणून लावा."

आता चार वाजले होते.

"बॅटरीचा चौथा ब्लॉक तापतो," सर म्हणाले. "बेचाळीस अंशांवर होता, चढाला एकावन्नवर गेला. माझ्याकडे सगळी नोंद आहे."

वही पुढे आली. उस्तादांनी ती घेतली नाही. अक्षर तेवढं पाहिलं.

"हे अक्षर तुमचं न्हाई, सर."

"निर्मलाचं आहे. मी गाडी चालवत होतो ना. मोबाइलवर बॅटरीचे आकडे येत होते, ती बघून लिहीत होती. दर दोन किलोमीटरला."

"आज शनिवार. डायलिसिस झाल्यावर?"

"...हो. म्हणजे, पट्टी डाव्या हाताला आहे. लिहिते उजव्याने."

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

शेडच्या कडेला, करंजाच्या सावलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर निर्मलाबाई बसल्या होत्या. पदर खांद्यावरून घेतलेला, पाय सुजलेले, चप्पल बाजूला काढलेली. गाडी तपासून होईपर्यंत तू इथे निवांत बस, असं सरांनी सांगितलं होतं. त्या निवांत नव्हत्या. बसल्या होत्या एवढंच.

"वहिनी, पाणी देऊ?" उस्तादांनी विचारलं.

"नको, चाचा. मापात प्यावं लागतं." मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, "घ्या नाहीतर नका घेऊ. पण आता ठरवा हो. मला दमायला झालंय."

"तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं!"

हे जरा जोरातच आलं. सरांनाच ते बरं वाटलं नाही. ते पुन्हा वहीत बघू लागले.

उस्ताद उठले. गुडघे धरून, सावकाश. सरांना वाटलं, आता बॉनेट उघडणार. त्यांनी लगबगीने पुढे होऊन ते उघडूनही धरलं.

उस्ताद बॉनेटपाशी न थांबता पुढे गेले. मागचं दार उघडलं.

"हितं कोण बसलं हुतं?"

"मागे? कोणी नाही."

"आठ महिन्यांत बावीस गाड्या... एकीत तरी मागं बसलात?"

सर हसले. प्रश्नच तसा होता. "मागे बसून काय कळणार, उस्ताद? यंत्र पुढे आहे."

"बॅटरी?"

बॅटरी मागच्या सीटच्या पाठीशी असते, हे त्यांना माहीत होतं. आकृती काढून दाखवता आली असती.

उस्ताद सीटवर बसले आणि तळहाताने कडेचं रेक्झिन चाचपू लागले. कव्हर जाड होतं, तपकिरी, सोनेरी दोऱ्याची शिलाई. बागायतदाराने हौसेने घातलेलं, बारा वर्षांत कधी न काढलेलं. सरांच्या वहीत तेवढी एकच ओळ कौतुकाची होती: सीट कव्हर उत्तम.

"ब्लेड द्या."

त्यांनी वीतभर शिलाई उसवली. रेक्झिन बाजूला झालं. खाली प्लास्टिकची जाळी होती, तळहाताएवढी, आणि तिच्यावर राखाडी धुळीची गोधडी बसलेली.

"बॅटरी हितनं हवा घेती," उस्ताद म्हणाले. "मागच्या माणसाला गार लागलं, तर तिला गार. सीट खराब हुईल म्हणून तिचं नाकच शिवून टाकलं बिचाऱ्यानं."

सरांचे कान तापले. एकवीस गाड्या त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या. त्यांतल्या किती गाड्यांचं नाक असंच शिवलेलं होतं, कोण जाणे. कित्येकींना त्यांनी तापते म्हणून परत पाठवलं होतं. आणि त्या प्रत्येक वेळी निर्मला एसटीने घरी आली होती.

उस्तादांनी जुना रंगाचा ब्रश घेऊन जाळी साफ केली. बराच वेळ लागला. मग ते खाली उतरले.

"वहिनी, जरा हितं येऊन पडता?"

"मी कशाला? तुमचं होऊ दे."

"झालं आमचं."

निर्मलाबाई आल्या. आधी कडेला बसल्या, मग उशाला पर्स घेऊन आडव्या झाल्या. उस्तादांनी सरांना गाडी आणि एसी चालू करायला सांगितलं. काच थंड झाली. क्षणभर घुरघुर करून इंजिन थांबलं. गाडी बॅटरीवर चालू होती आणि आवाज कसलाच नव्हता. आत कुठेतरी बारीक पंखा फिरत होता, तोही कान दिला तरच कळावा असा.

दोघे बाहेर उभे राहिले.

पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"मी वहिनींना ओळखतो, सर," उस्ताद हळूच म्हणाले. "मंगळवार, गुरुवार, शनिवार. कऱ्हाडच्या गाडीतनं उतरतात, तारळ्याच्या गाडीची वाट बघत समोरच्या बाकावर बसतात. डोळे मिटलेले असत्यात. पण झोपत न्हाईत. गाडी चुकंल म्हणून."

त्या बाकावर सरही शेजारी असत. वही वाचत.

थोड्या वेळाने त्यांना मोबाइल आठवला. तो पुढच्या सीटवर राहिला होता, आकड्यांसकट. त्यांनी दाराकडे हात नेला.

उस्तादांनी मनगट धरलं. बोटं थरथरत होती, पकड सुटत नव्हती.

"एकावन्नचा आकडा उतरला का, बघायला हवं."

"उतरंल."

"आणि नाही उतरला तर? आज उतरला आणि दोन वर्षांनी गेली तर? कशाच्या भरवशावर हो म्हणू मी?" सरांचा आवाज चढत गेला आणि मध्येच फाटला. "डॉक्टरांना विचारलं, किती वर्षं... ते सांगत नाहीत. तुम्हीही सांगत नाही. कुणीतरी एकदा आकडा सांगा हो मला!"

बोलून गेल्यावर सरांना कळलं, आपण काय विचारलं ते.

उस्तादांनी मनगट सोडलं.

समोर तारळ्याची एसटी लागली. कंडक्टरने घंटी मारली, ड्रायव्हरने कर्कश हॉर्न दिला, बायकामाणसं पिशव्या सावरत दाराशी लोटली. सरांनी दचकून काचेतून आत पाहिलं.

निर्मलाबाईंचं तोंड किंचित उघडं पडलं होतं. पट्टीचा हात पोटावर होता, आणि तो श्वासाबरोबर खालीवर होत होता. आठ महिन्यांत सरांनी तिला दिवसा असं झोपलेलं पाहिलं नव्हतं.

एसटी निघून गेली. त्या हलल्या नाहीत.

पाच वाजून गेले होते. कऱ्हाडला सहाच्या आत पोचायचं, तर आत्ताच निघायला हवं होतं.

"उस्ताद," सर अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "आता मी काय करू?"

उस्तादांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार अलगद उघडलं. सर आत बसले. मग दोन्ही तळव्यांनी रेटत, आवाज न करता, उस्तादांनी ते बाहेरून लावलं आणि काचेशी वाकले.

"घरी नदीकडच्या रस्त्यानं जा, सर. लांब पडंल... पडू दे."