कुजकी पट्टी आणि नाकुबाईची पिल्लं

एका घराला होतं एक गॅरेज. गॅरेजला होतं मोठं लाकडी दार. दाराला होती चौकट, चौकटीला होती पट्टी, आणि पट्टीच्या मागे, अगदी खालच्या कोपऱ्यात, राहत होती एक चिचुंद्री. तिचं नाव नाकुबाई.

नाक लांब, डोळे बारीक, अंगाला वास. कसला वास, ते विचारू नका. चिचुंद्रीला वास असतोच.

नाकुबाईला चार पिल्लं. बाहेर निघाली की पहिलं पिल्लू आईची शेपटी धरायचं. दुसरं पहिल्याची धरायचं. तिसरं दुसऱ्याची धरायचं. आणि सगळ्यात शेवटी शेंडेफळ. झाली आगगाडी. तुरु तुरु, तुरु तुरु.

आता त्या पट्टीची गंमत ऐका. ती आतून कुजली होती. पण घरातली सुलूआत्या काय करायची? दर दिवाळीला तिच्यावर निळा रंग फासायची. वरून पट्टी निळी निळी. आतून पट्टी भुसभुशीत. बघणारे म्हणायचे, वा, काय छान दार आहे.

एका रात्री पाऊस पडून गेला. सकाळी पट्टी गळून पडली. भुस्स.

नाकुबाईचं घर उघडं पडलं. तेवढ्यात आला ढब्बू बोका. त्याने घरात एक पंजा घातला. नाकुबाईने पिल्लं मागे ओढली. ढब्बूने मोठी जांभई दिली.

"आत्ता मला झोप येतेय," ढब्बू म्हणाला. "झोप झाली की येतो."

आणि गेला निघून.

"आई, आम्ही कुठे निजायचं?" शेंडेफळाने विचारलं.

"शेपटी धरा, सोडू नका," आई म्हणाली.

तुरु तुरु, तुरु तुरु. नाकुबाई गेली केरबासुताराकडे. सुलूआत्याने त्याला बोलावलंच होतं. नवी पट्टी रंधा मारून, गुळगुळीत करून तयार होती. हातोडी तयार होती. खिळे तयार होते. पण केरबामामा बसले होते गॅरेजच्या दारापाशी चहा पीत.

"केरबामामा, केरबामामा, पट्टी बसवा ना.
घर माझं उघडं, पिल्लं कुठे निजवू?"

मामांनी नाक धरलं. "शी, वास." मग उठले आणि चौकटीवर बोटाने वाजवलं. भद भद, भद भद. "ऐकलंस? चौकट ओली आहे. ओल्या लाकडाला मी खिळा मारत नाही. नवी पट्टीसुद्धा कुजेल. चौकट वाळली की मारतो."

"शेपटी धरा, सोडू नका." तुरु तुरु, तुरु तुरु. नाकुबाई गेली चौकटीकडे.

"चौकटमावशी, चौकटमावशी, वाळ ना.
चौकट वाळेना, सुतार खिळा मारीना,
घर माझं उघडं, पिल्लं कुठे निजवू?"

"शी, वास," चौकट म्हणाली. "मी कशी वाळू? डोक्यावर सारखा थेंब पडतोय. टप टप, टप टप. थेंब थांबला की वाळते."

"शेपटी धरा, सोडू नका." तुरु तुरु, तुरु तुरु. नाकुबाई गेली थेंबाकडे.

"थेंबूराव, थेंबूराव, थांबा ना.
थेंब थांबेना, चौकट वाळेना,
चौकट वाळेना, सुतार खिळा मारीना,
घर माझं उघडं, पिल्लं कुठे निजवू?"

"शी, वास," थेंब म्हणाला. "मला का हौस आहे इथे पडायची? मला जायचंय नळीतून खाली, अळूच्या वाफ्यात. पण पन्हळ तुंबलीय. पन्हळ वाहिली की थांबतो." आणि पडला. टप.

पन्हळ होती वर, छपराच्या कडेला. पाऊस छपरावर पडतो ना, तो गोळा करून खाली सोडते ती पन्हळ. नाकुबाईने वर पाहिलं. उंच होती हो फार. बाजूला मधुमालतीचा वेल होता.

"शेपटी धरा, सोडू नका." तुरु तुरु, तुरु तुरु. वेलावरून वर, वर, वर.

"पन्हळबाई, पन्हळबाई, वाहा ना.
पन्हळ वाहेना, थेंब थांबेना,
थेंब थांबेना, चौकट वाळेना,
चौकट वाळेना, सुतार खिळा मारीना,
घर माझं उघडं, पिल्लं कुठे निजवू?"

"शी, वास," पन्हळ म्हणाली. "कशी वाहू, बाई? माझ्या तोंडात पानांचा बोळा. पानं हलली की वाहते."

"आई, मला झोप आली," शेंडेफळ म्हणालं.

"शेपटी धरा, सोडू नका." तुरु तुरु, तुरु तुरु. पन्हळीच्या कडेवरून नाकुबाई गेली पानांकडे. आंब्याची वाळकी पानं. हा मोठा ढीग.

"पानांनो, पानांनो, हला ना.
पानं हलेनात, पन्हळ वाहेना,
पन्हळ वाहेना, थेंब थांबेना,
थेंब थांबेना, चौकट वाळेना,
चौकट वाळेना, सुतार खिळा मारीना,
घर माझं उघडं, पिल्लं कुठे निजवू?"

"शी, वास," पानं कुजबुजली. "हळू बोल. वारा आलाय आम्हाला न्यायला. पण जाणार कसं? आमच्या अंगावर बोका झोपलाय. बोका उठला की हलतो."

नाकुबाईने मान वर केली. ढिगावर, मऊ मऊ उन्हात, कोण झोपलं होतं? ढब्बू बोका. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

आता काय करायचं? ढब्बू उठला तर पिल्लांना धरणार. ढब्बू नाही उठला तर पिल्लांना घर नाही. नाकुबाईने मागे वळून पिल्लांकडे पाहिलं. शेपटी कोणीच सोडली नव्हती.

नाकुबाई एक पाऊल पुढे गेली. अजून एक गेली. आणि ढब्बूच्या कानात म्हणाली,

"बोकोबा, बोकोबा, उठा ना.
बोका उठेना, पानं हलेनात,
पानं हलेनात, पन्हळ वाहेना,
पन्हळ वाहेना, थेंब थांबेना,
थेंब थांबेना, चौकट वाळेना,
चौकट वाळेना, सुतार खिळा मारीना,
घर माझं उघडं, पिल्लं कुठे निजवू?"

ढब्बूने एक डोळा उघडला.

"उठत नाही, जा," तो म्हणाला. "पिल्लं कुठे निजवू म्हणतेस? माझ्या पोटात निजव." आणि त्याने पंजा उचलला.

मग मात्र नाकुबाई चिडली. आई चिडली की काय होतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिने अंग फुगवलं. पिल्लांनी अंग फुगवलं. शेंडेफळाने तर गालसुद्धा फुगवले. आणि पाचही जणांनी मिळून सोडला वास.

भप्प.

असा वास, असा वास, की काही विचारू नका. ढब्बूचं नाक वाकडं झालं. मिशा थरथरल्या. आ... आ... आक्छी! ढब्बूने मारली उडी, धप्प अंगणात, आणि शेपूट वर करून जो पळाला, तो कुंपणाच्या पलीकडे.

बोका उठला, पानं हलली. वारा टपलेलाच होता. सर सर, सर सर, गेली उडून.

पानं हलली, पन्हळ वाहिली. घळ घळ, घळ घळ, नळीतून खाली, अळूच्या वाफ्यात.

पन्हळ वाहिली, थेंब थांबला. ट... प. तो शेवटचा.

थेंब थांबला, चौकट वाळायला लागली. तिने त्या दिवशी ऊन खाल्लं. दुसऱ्या दिवशी ऊन खाल्लं. तिसऱ्या दिवशीही खाल्लं. तोवर पिल्लं कुठे होती? मामांनी पट्टीला रंधा मारताना लाकडाच्या कुरळ्या कुरळ्या साली निघाल्या होत्या, त्या उबदार ढिगात. मामा रोज यायचे, चौकटीवर वाजवायचे आणि मान हलवायचे. भद भद. मग भद खण. आणि एका सकाळी, खण खण, खण खण.

"वाळली," केरबामामा म्हणाले.

चौकट वाळली, सुताराने खिळा मारला. चौकटीचा कुजका भाग आधी कापून टाकला. मग नवी पट्टी बसवली. ठोक ठोक, ठोक ठोक. आणि अगदी खालच्या कोपऱ्यात मामांनी एक छोटंसं गोल कापलं.

सुलूआत्या ब्रश घेऊन आली. "अहो केरबा, नवीन पट्टीला भोक कशाला ठेवलंत?"

"भोक नाही ताई, दार आहे," मामा म्हणाले. "बोक्याला हिनेच उठवलं. नाहीतर मी अजून चहाच पीत बसलो असतो."

सुलूआत्याने नाक धरलं. मग हसली. आणि त्या एवढ्याशा दाराच्या कडेने तिने एक निळी रेघ ओढली.

तुरु तुरु, तुरु तुरु. पुढे नाकुबाई, मागे तीन पिल्लं, सगळ्यात शेवटी शेंडेफळ. गेली आत.

संध्याकाळी ढब्बू आला. त्याने पंजा घातला, तो मावेना. नाक घातलं, तेही मावेना. आतून कोणीतरी गाल फुगवले. ढब्बू पुन्हा कुंपणाच्या पलीकडे.

"आई, आता आम्ही कुठे निजायचं?" शेंडेफळाने विचारलं.

"इथे," नाकुबाई म्हणाली. "आता शेपटी सोडा."

पहिलं निजलं. दुसरं निजलं. तिसरं निजलं. शेंडेफळही निजलं.

आता कोण जागं राहिलं बरं?