ठकूबाईची एकच बोली

“तोंडं किती आहेत गं तुला?” राजा वज्रसेनाने घोड्यावरूनच विचारलं.

ठकूबाई पळसाची पानं निवडत होती. पत्रावळींचा तिचा कारखाना म्हणजे एक छपरी आणि हाताखाली तीन माणसं. ती म्हणाली, “एकच की, महाराज!”

“खोटं! मघापासून ऐकतोय. त्या म्हाताऱ्याला ‘अहो सखोबा, एवढं बघता का’, त्या पोरीला ‘अगं भवाने, हात चालव’, आणि त्या दांडगटाला ‘माझा वाघ तो’! याला काय कारभार म्हणतात? माझ्या राज्यात शिस्त एक, तसा सूर एक! एक बोली निवड आणि सगळ्यांशी तीच बोल. कुणालाही सूट नाही! दुसरा सूर निघाला की छपरीला टाळं. आणि युवराजाच्या लग्नाच्या पत्रावळी वेळेवर आल्या नाहीत, तरी टाळं!”

राजा गेला. जाताना बोली ठरवायला संध्याकाळपर्यंतची मुदत दिली आणि कान टवकारून ऐकायला एक शिपाई बसवून गेला.

नवऱ्यामागे ठकूबाईने ही छपरी एकटीने उभी केली होती. तिला टाळं लागलं तर चार घरच्या चुली विझणार. ती पदर खोचून कामाला लागली.

आधी मानाची बोली. “अहो गोजराबाई, जरा लवकर आवरता का?”

त्या पोरीच्या, गोजराच्या, हातातली पानं टाचायची काडी गळाली. “मावशी, मला कामावरून काढलंत ना? माझं काय चुकलं ते तरी सांगा!” आणि तिने असा गळा काढला की दुपारपर्यंत थांबेना. दांडगट मुकिंदाला ‘मुकुंदराव’ म्हटलं, तर कोण पाहुणा आला म्हणून तो मागे वळून बघत बसला.

मग लाडाची बोली. “सखोबा, माझा वाघ तो!”

“वाघ?” म्हातारा म्हणाला. “दात तरी आहेत का मला?”

राहिली दमाची. “ए सखोबा! मेल्या, हात चालव!”

सखोबाने पानं खाली ठेवली, पागोटं डोक्यावर चढवलं, वहाणा घातल्या आणि घरची वाट धरली.

ठकूबाईने कपाळावर हात मारला. मग एकदम उठली. “शिपाईदादा, ठरली बोली! हीच, दमाची. आतापासून सगळ्यांशी हीच.”

“आणि निघालात कुठं?”

“कुठं म्हणून काय विचारतोस, मेल्या? वाड्यावर! ऊठ, चल पुढं!”

दरबाराच्या दारात भालदार आडवा आला. “सरक रे, वाट अडवून उभा राहतोस!” प्रधान पुढे झाला. “ए ढेरपोट्या, तिकडं हो!” आणि ती थेट सिंहासनासमोर जाऊन उभी राहिली.

“काय रे वज्र्या! पोराचं लग्न तोंडावर आलंय आणि तू लोळतोयस? हात चालव जरा!”

राजा लालबुंद झाला. “कुणाशी बोलतेस तू?”

“तुझ्याशीच रे! एक बोली निवड, कुणालाही सूट नाही, हे कोण म्हणालं? विचार तुझ्या शिपायाला!”

शिपाई चाचरला, “हो... हुकूम तसाच आहे, महाराज.”

“अगं, पण मी राजा आहे! मला मानानंच बोलायला हवं!”

“आणि सखोबा म्हातारा आहे! तू बाप गेला त्या सकाळी राजा झालास. त्याला म्हातारा व्हायला उभा जन्म लागला!”

राजाने प्रधानाकडे बघितलं.

“आणि खरं सांग,” ठकूबाई सोडते कुठली! “प्रधानावर खेकसतोस, तसा राणीवर खेकसतोस का?”

पडद्याआडून राणीचा आवाज आला, “खेकसून तर बघू दे!”

राजा जो हसत सुटला, तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत! “हुकूम मागे घेतला! बाई, तुझी छपरी, तुझी माणसं, तुझी तऱ्हा! यापुढे वाड्यावरची प्रत्येक पंगत तुझ्याच पत्रावळींवर बसेल.” मग त्याने घसा खाकरला. “अहो ठकूबाई... लग्नाच्या पत्रावळी तेवढ्या वेळेवर मिळतील का?”

“आता कसं! असं विचारलंत तर का नाही मिळणार, महाराज?” ठकूबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. “फक्त सखोबांच्या दारी तुमची पालखी पाठवा. आज मी बोलावून काही ते यायचे नाहीत!”

राजा पुन्हा खो खो हसला, आणि पालखी निघाली.