कलमाची पट्टी

“…सगळं नवं घातलं, बुवा. तरी ते दर वेळी पहिल्यापासूनच का सुरू होतं?”

भिवाबुवा कोयत्याच्या पात्याला कुंकू लावत होते.

खंडेनवमीचा दिवस. घाटाच्या पायथ्याच्या त्या लहानशा मठात, पडवीतल्या पाटावर सगळी हत्यारं धुऊन मांडली होती. कोयता, कुदळ, विळी, कलमं बांधायचा चाकू. प्रत्येकावर झेंडूचं फूल. वर्षभर राबलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, त्याला विसावा द्यायचा, अशी मठाची रीत.

पाटापाशी सुयोग मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. त्या लॅपटॉपला मात्र विसावा नव्हता. पडदा उजळायचा, त्यावर गोल फिरायचा, आकडा शंभरापर्यंत चढायचा आणि काळोख व्हायचा. मग पुन्हा उजेड. पुन्हा तोच गोल. ये रे माझ्या मागल्या.

“बाकी सगळी निजली,” बुवा म्हणाले. “तुझंच एक जागं आहे.”

सुयोग हसला नाही. त्याला हसायची सवड नव्हती.

हा सुयोग मठातच वाढला. शिकला, मास्तरकीची पदविका घेतली. हातात कला होती. कुणाचा पंखा अडला, कुणाचा मोबाइल मुका झाला, की लोक त्याला हाक मारत. आपल्याला सगळं येतं हे त्याला ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं.

वर घाटात धनगरवाडा आहे. तिथल्या पोरांसाठी मठानं वर्ग काढायचं ठरवलं आणि बुवांनी सुयोगला मास्तर नेमला. वाड्यानं एक खोली सारवून दिली. सुयोग चढ चढून गेला, आणि खडू कुठला आणायचा हे विचारायला खाली आला. बुवांनी सांगितलं. तो पुन्हा गेला, आणि आधी अक्षरं शिकवू की अंक, हे विचारायला पुन्हा खाली आला. बुवांनी तेही सांगितलं.

आता तो लॅपटॉप घेऊन आला होता.

मधल्या काळात वाड्याच्या कारभाऱ्यानं निरोप धाडला होता. उद्या दसरा. पोरं पाट्यांवर सरस्वती काढून बसतील. मास्तर समोर उभा दिसला तर खोली पोरांची. नाही दिसला तर तिच्यात वैरण भरू, पावसाळ्यानंतर जागा लागतेच. निरोपात राग नव्हता. राग नसलेला निरोप फिरवता येत नाही.

मठात स्वयंपाक करणारी शेवंतीकाकी त्याला कुंपणाच्या बेड्यातून आत येताना बघून म्हणाली होती, “इलंस परत? चपला इसारलंस की अक्कल?”

त्यानं तिला सांगितलं, की लॅपटॉप जुना झाला होता, रखडत होता. म्हणून त्यानं आतलं सगळं पुसून नवी सिस्टीम घातली. पोरांना चित्रं दाखवायची, गोष्टी ऐकवायच्या, तर यंत्र नीट हवं. पण घातल्यापासून ते नुसतं बंद होतं नि सुरू होतं. बॅटरी काढून पाहिली. चार्जर बदलला. नवी सिस्टीम पुन्हा घातली, पुन्हा घातली. काही केल्या बधेना.

काकीनं पडद्याकडे पाहिलं. उजेड, काळोख, उजेड.

“ह्येच्या अंगात वारा येता की काय?” ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

सुयोगनं हे सगळं बुवांनाही सांगितलं. मोठमोठे शब्द घालून सांगितलं. बुवा कुंकू लावत राहिले. तेव्हा तो जरा चिडूनच म्हणाला, “जाऊ द्या. हे तुम्हाला कळायचं नाही, बुवा.”

“नाही कळत. मग मला विचारलंस कशाला?”

सुयोगनं मान खाली घातली.

बुवांनी चाकूवर फूल ठेवलं. “बाजारातलं दुरुस्तीचं दुकान बंद होतं?”

“उघडं होतं.”

“वाटेवरच आहे ते.”

“हो.”

“मग थांबला नाहीस.”

ताकाला जाऊन भांडं लपवावं, तसं झालं. ज्याला यंत्र दुरुस्त करायचं असतं तो दुकान ओलांडून मठात येत नाही. हे बुवांना कळलं होतं, आणि बुवांना कळलं हे सुयोगला कळलं.

मग बुवांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि ते सुयोगच्या शेजारी मांडी घालून बसले. चुलीवरच्या भाताकडे बघावं तसे पडद्याकडे बघू लागले. गोल फिरला. आकडा चढला. काळोख झाला. उजेड आला आणि पडद्यावर नमस्कार उमटला, खाली भाषा निवडायला सांगणारी ओळ.

“दर वेळी हाच नमस्कार?”

“दर वेळी.”

“मघाशी केलेला आठवत नाही त्याला?”

“नाही. त्याला वाटतं, आत्ताच सुरुवात आहे.”

बुवांनी मान डोलवली. लॅपटॉपच्या कडेला नखाएवढा एक तुकडा खुपसलेला होता. त्यावरचा बारीक निळा दिवा लुकलुकत होता. बुवांनी विचारलं, हे काय?

सुयोगनं सांगितलं, तो पेनड्राइव्ह. नवी सिस्टीम त्याच्यातूनच आत आली. कोल्हापूरच्या मित्रानं भरून दिला आणि बजावलं, की काम अर्धं असताना काढू नकोस, नाहीतर सगळं जाईल. म्हणून पहिल्या दिवसापासून त्यानं त्याला हात लावला नव्हता. लॅपटॉप पिशवीत घालून घाट उतरतानासुद्धा तो निघू नये म्हणून वरून फडकं गुंडाळलं होतं.

बुवांनी बोट पुढे केलं.

“हात लावू नका, बुवा.”

बोट तिथंच थांबलं.

“हे काढणार कधी?”

“काम पूर्ण झालं की.”

“आणि काम पूर्ण कधी होणार?”

सुयोगनं त्या निळ्या दिव्याकडे पाहिलं.

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. “चल.”

“हे चालू आहे, बुवा.”

“राहू दे चालू. ते कुठं जात नाही.”

मठाच्या मागल्या अंगाला मातीच्या पिशव्यांत आंब्याची कलमं होती. आषाढात बांधलेली. गावठी आंब्याच्या रोपाचा शेंडा उडवायचा, त्याच्या खुंटावर हापूसची काडी बसवायची आणि जोडावर प्लॅस्टिकची पट्टी गच्च आवळायची. खालचं मूळ जुनं, वरचा आंबा नवा. पट्टी नसेल तर दोन्ही एकमेकांना धरत नाहीत. जोड जमला, की पट्टी सोडायची.

सगळ्या पिशव्यांतली कलमं तरारली होती. शेवटचं एक खुरटं.

ते सुयोगनं बांधलेलं. बांधलं तेव्हा तो सगळ्यांना सांगत सुटला होता, की असा आवळ मठात कुणाला जमायचा नाही, माझ्या कलमाला कुणी हात लावू नका. कुणी लावला नाही. बुवांनी बाकीच्या पट्ट्या सोडल्या आणि ही ठेवली. तेव्हापासून त्या काडीला तांबूस पालवी फुटायची, वाळून गळायची, पुन्हा फुटायची. सुयोगनं पाणी वाढवलं. शेण घातलं. सावली केली. ऊन दिलं. पालवी फुटायची आणि गळायची.

आत्ताही दोन पानं होती. बाळाच्या कानासारखी मऊ.

“सोड,” बुवा म्हणाले.

सुयोग कलमापुढे उकिडवा बसला. बसला तो बसलाच.

“जोड कच्चा असला तर?”

बुवा शेजारच्या पिशवीतलं तण उपटू लागले.

“तुटला तर काडी जाईल, बुवा. सगळा पावसाळा वाया जाईल.”

बुवांनी तण बाजूला टाकलं.

“…चाकू पूजेत आहे.”

“नखं पण पूजेत ठेवलीस?”

सुयोगनं पट्टीच्या गाठीला नख लावलं. गाठ सालीत रुतली होती. आपलाच आवळ आपल्याला सुटेना. नख दुखलं, बोटाला चीक लागला. मग एक टोक वर आलं. त्यानं ते धरलं आणि एकेक वेढा उलगडत नेला. शेवटचा वेढा निघाला, तेव्हा खाली सालीवर खोल वळ दिसला. गळ्याला दोरी लागावी तसा.

वळाच्या आत जोड जमलेला होता. केव्हाच जमलेला होता.

पट्टी सुयोगच्या उजव्या हातात लोंबत होती. डाव्या हाताच्या दोन बोटांत त्यानं काडी धरून ठेवली होती.

बुवा म्हणाले, “तोही हात.”

सुयोगची बोटं काडीवर आणखी घट्ट झाली.

“तोही हात, सुयोग.”

सुयोगनं बोटं उघडली. आधी एक. मग दुसरं.

घाटाकडून वारा आला. काडी हलली. दोन्ही पानं उलटी झाली, पुन्हा सुलटी झाली. काडी उभी राहिली.

त्यानं मान वळवून वर पाहिलं. बुवा तिथं नव्हते. ते गोठ्याकडे निघून गेले होते, गाईला पाणी दाखवायला.

सुयोग उठला. पट्टी मुठीत तशीच होती, ती त्यानं खिशात घातली आणि पडवीत आला.

लॅपटॉपचा नमस्कार चालूच होता. सुयोगनं भाषा निवडली आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. गोल फिरू लागला. या वेळी तो बुवांसारखा बघत राहिला, काही न करता. आकडा चढत गेला. शंभर झाले. पडदा काळा पडला.

त्यानं चीक लागलेल्या नखांनी पेनड्राइव्ह धरला आणि ओढला.

काळोख…

काळोख लांबला. आजवर एवढा लांबला नव्हता. सुयोगच्या मनात आलं, की गेलं सगळं. मित्रानं सांगितलं होतं. पोरं उद्या पाट्या घेऊन बसतील आणि आपण रिकाम्या हातांनी काय करणार? पेनड्राइव्ह पुन्हा खुपसावा म्हणून बोटं पुढे गेली. त्यानं ती मागे घेतली आणि हात मांडीखाली दाबून बसला.

काकी आतून पदराला हात पुसत आली. “मेला काय ता?”

“थांब, काकी.”

ती थांबली.

पडदा उजळला. नमस्कार आला नाही. भाषा विचारली नाही. गोल फिरला, थांबला, आणि एक ओळ उमटली. सुयोगनं ती कधी पाहिली नव्हती. त्याला इतक्या दिवसांत तिथवर पोचताच आलं नव्हतं.

हे यंत्र कोण वापरणार? नाव घाला.

मठातल्या प्रत्येक वस्तूवर बुवांचं नाव असायचं. घागरीवर, घंटेवर, सतरंजीवर. सवयीनं सुयोगचं बोट ‘भ’कडे गेलं.

तिथं ते थांबलं.

मग त्यानं आपलं नाव घातलं.

दिवेलागणीला बुवा वाती वळत बसले होते. सुयोग समोर जाऊन उभा राहिला.

“झालं, बुवा.”

“काय झालं?”

त्याला सांगायचं होतं, यंत्र सुरू झालं, पेनड्राइव्ह आत राहिल्यानं ते दर वेळी त्याच्यातूनच पहिल्यापासून सुरू होत होतं, ही चूक सापडली. दिवसभरात बोलायला इतकं कधी सुचलं नव्हतं.

“उद्या पहाटे निघतो,” तो म्हणाला.

बुवांनी वात समईत ठेवली. “ते कलम घेऊन जा. खोलीपुढे उन्हाची जागा आहे.”

दसऱ्याच्या पहाटे काकीनं त्याला भाकऱ्या बांधून दिल्या. पिशवी खांद्यावर देताना म्हणाली, “ह्या येळी काय इसारलंस तर हयंच रवांदे.” आणि तोंड फिरवून लगबगीनं आत गेली.

पाठीवर लॅपटॉप, कुशीत कलमाची पिशवी. बुवा त्याला पोचवायला बेड्यापर्यंत आले. याआधी तीनदा तो गेला, तेव्हा ते पडवीतून हललेसुद्धा नव्हते. सुयोग पिशवी सांभाळत वाकून पाया पडला. बुवांनी बेड्याचे बांबू सरकवले, त्याला बाहेर काढलं आणि बांबू पुन्हा जागच्या जागी लावले.

सुयोग चार पावलं गेला नि थांबला. घाटाचा माथा उजळत होता. वर कुठंतरी कुत्रं भुंकत होतं.

तो वळला. विचारू नये असं त्याला वाटत होतं. तरी त्यानं विचारलं.

“बुवा… मग आता परत कधी येऊ?”

बुवांनी त्याच्या कुशीतल्या काडीकडे पाहिलं. तिला पट्टी नव्हती. पानं तेवढी दोनच होती.

“आंबे लागले की,” ते म्हणाले.