खिंडीतली सहा हातांची ठमाई

ऐका, पण साल विचारू नका. ते माझ्या आज्यालाही ठाऊक नव्हतं. धोंडखिंडीच्या पायथ्याला तेव्हा वीसेक घरं होती, आणि त्यांतल्या एका घरात ठमाई नांदत होती. कोणी म्हणतं ती सोळा वर्षांची होती, कोणी म्हणतं चार लेकरांची आई. ज्वारीच्या कणसांत दाणा भरला की ती शेतातल्या उंच माळ्यावर उभी राहून गोफणीनं पाखरं राखायची. उडत्या पोपटाच्या चोचीतला दाणा ती खाली पाडायची आणि पोपटाला खरचटायचंही नाही, असं म्हणतात.

एके सकाळी पुरुषमाणसं गुरांच्या बाजाराला गेली होती. माळ्यावरून ठमाईला खिंडीपलीकडे धूळ दिसली. लुटारूंचे घोडे! ती ओरडतच गावात आली, "पोरं उचला आणि कपारीत लपा!"

सासूनं तिचा हात धरला. "तू एकटी काय करणार गं?"

"आत्याबाई, खिंडीतून एका वेळी एकच घोडा येतो. मलाही एका वेळी एकच पाडायचाय."

हात सोडवताना तिला रडू फुटलं होतं. बाकीच्या गोष्टीत हजार फरक, पण हे सगळेच सांगतात.

पहिल्याच दगडानं पुढचा घोडा कोसळला आणि वाट अडली. मग दगड डावीकडून आले, उजवीकडून आले, माथ्यावरून आले. एक गोफण इतके दगड कसे फेकील? लुटारू ओरडत होते, "बाई नव्हे ही, सहा हातांची देवी आहे!" ते कडा चढून वर गेले, तेव्हा कडाच ढासळला. डोंगरानं तिला पदराखाली घेतलं, असं म्हणतात. उरलेले पळून गेले. कपारीतल्या बाया बाहेर आल्या, तर एकही लेकरू गेलं नव्हतं. फक्त ठमाई नव्हती. गावानं सहा हातांचा दगड घडवून खिंडीत बसवला.

आता अलीकडचं सांगतो. पाण्याच्या टाकीसाठी खिंडीत खणलं, तर हाडं लागली. जुन्या हाडांच्या जाणकार मेश्राम मॅडम आल्या. त्यांनी महिनाभर बसून हळूहळू माती झाडली, आणि शेवटी गावाला बोलावून सांगितलं, "इथे एकाच जागी तीन माणसं आहेत. तिन्ही बायका. तिघींचीही उजव्या खांद्याची हाडं दणकट, वर्षानुवर्षं गोफण फिरवलेली. शेजारी नदीतल्या गोट्यांचा ढीग आहे."

मग पुजारी श्रीपती गुरवानं विचारलं, "यातली आमची ठमाई कोणती?"

"ते हाडं सांगत नाहीत हो, काका."

तेव्हापासून आमचं डोकं चालेना. त्या दिवशी गावातली दुसरी बाई हरवल्याचं कुठल्याच गोष्टीत नाही. मग या दोघी कुठल्या? पलीकडच्या वाडीच्या? वाटसरू? की आमच्याच, आणि आम्हीच विसरलो? काही म्हणाले, देवी नव्हतीच, मग पूजा कशाला? म्हातारी भिकाई त्यांच्यावर खेकसली, "देवीला मरण नसतं रे. ही मरणार हे ठाऊक असून गेली. आता तर दुप्पट पुजा!"

भांडण अजून मिटलेलं नाही. पण दरवर्षी हुरड्याच्या दिवसांत गावच्या पोरी खिंडीत जाऊन गोफण फिरवतात, आणि श्रीपती तीन पानं वाढतो. पहिलं ठमाईच्या नावानं. उरलेली दोन कोणाच्या नावानं, असं एका पोरीनं विचारलं, तेव्हा त्यानं हातातला हुरडा दोन्ही पानांवर सारखा वाढला. मग म्हणाला, "ज्या तिच्या मदतीला धावल्या, त्यांच्या."

आता सगळं गाव तसंच म्हणतं.